आजारी माणूस आणि त्याला सांभाळणारं माणूस, या दोघांच्या वतीने बोलणारं कोकणात कुणी मिळतं का?

सुरंगी

नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. घरात आम्ही तिघं. सासूबाई ८१ वर्षांच्या, अर्धांगवायूने डावी बाजू गेलेली, आणि गेल्या पावसाळ्यापासून विसर पडायला लागलाय. धाकटे दीर ४३ वर्षांचे, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे शरीराच्या हालचाली ताब्यात नाहीत. आणि मी. यजमान बोईसरला कारखान्यात, गणपती-शिमग्याला येतात, मधे जमेल तसं. दोन नणंदा, एक ठाण्यात, एक पुण्यात. भांडण कुणाशीच नाही. पण "वहिनी, तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त" याच्या पुढे फोन सरकत नाही.

माझी अडचण पैशाची कमी आणि तोंडाची जास्त आहे. कुठल्याही खिडकीशी गेलं की पहिला प्रश्न, "तुम्ही पेशंटच्या कोण?" सून म्हटलं की "मुलाला पाठवा". सासरे झेडपीचे शिक्षक होते, त्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन सासूबाईंच्या खात्यात येतं. बँकेत म्हणतात आजींना घेऊन या. आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत जांभ्याच्या पायऱ्या आहेत, चौघांनी उचलून न्यावं लागतं, आणि वाडीत आता चार धडधाकट माणसं मिळतात ती फक्त गणपतीत.

मला वकील करून कुणावर दावा लावायचा नाहीये. माहीतगार, जरा वजन असलेलं असं कुणी आहे का, जे सोबत येईल, अर्ज नीट लिहून देईल, साहेबासमोर मी गडबडले तर सांभाळून घेईल? संस्था, सरकारी माणूस, कुणीही. आणि सासूबाईंच्या मागे दिरांचं काय, हे डोक्यात सतत असतंच. त्यांचा पालक म्हणून माझं नाव लावून घ्यावं असं सगळे म्हणतात. कसं करायचं?

खाडीपलीकडे

धागा वाचतोय. उत्तर माझ्याकडेही नाही. आमच्याकडे "वजन असलेलं माणूस" म्हणजे पुढारी, आणि तो निवडणुकीच्या आधीच भेटतो.

निवृत्त_नायब

सुरंगीताई, मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. तुम्हाला हवं तसं माणूस कायद्यात आहे, फक्त ते एका जागी बसत नाही, वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेलं आहे.

सासूबाईंपुरतं बोलायचं तर २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा. त्याचं न्यायाधिकरण म्हणजे आपले प्रांतसाहेब, उपविभागीय अधिकारी. वयस्कर माणसाला स्वतः जाता येत नसेल तर त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. याच कायद्यात कलम १८ खाली निर्वाह अधिकारी नेमलेला असतो, समाज कल्याणचा जिल्हा पातळीवरचा अधिकारी. ज्येष्ठाची इच्छा असेल तर त्याने न्यायाधिकरणापुढे त्यांच्या बाजूने उभं राहायचं असतं. माझ्या नोकरीत मी लोकांना कलम २३ विचारताना पाहिलं, म्हणजे आंब्याची बाग मुलाच्या नावावर केली आणि मुलगा विचारत नाही, ते बक्षीसपत्र रद्द होतं का वगैरे. कलम १८ विचारत कुणी आलेलं आठवत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही लक्षात ठेवा. या कायद्यात जबाबदारी मुलगा, मुलगी, सज्ञान नातू आणि नात यांच्यावर आहे. सुनेचं नाव त्या व्याख्येत नाही. ती घालावी म्हणून २०१९ मध्ये दुरुस्ती विधेयक आलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे तुम्ही जे करताय ते कायद्याने तुमच्यावर लादलेलं नाही, आणि दोन्ही नणंदांवर मात्र यजमानांइतकीच जबाबदारी आहे.

विरारलोकल

माफ करा, पण हे प्रांताकडे जाणं म्हणजे घर फोडणं आहे. ताईंनी स्वतःच लिहिलंय भांडण नाही. आम्ही मुंबईत मजेत बसलोय असं गावाला वाटतं. दीड तास लटकत जातो, दीड तास लटकत येतो, खोलीचा हप्ता, पोरांच्या फिया, आणि त्यातून महिन्याला आईला पैसे जातात. माझ्यावर कुणी असा अर्ज टाकला तर मी परत त्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही.

पडवी

विरारलोकल, तुमच्या आईला गावी कोण बघतं?

विरारलोकल

भावजय.

पडवी

बरं. तिला कधी ताप येतो तेव्हा कोण बघतं?

निवृत्त_नायब

भांडू नका. अर्ज म्हणजे लगेच सुनावणी नव्हे. न्यायाधिकरण आधी प्रकरण सलोखा अधिकाऱ्याकडे पाठवू शकतं, त्याने महिन्याभरात तडजोड घडवायचा प्रयत्न करायचा असतो. पुष्कळ घरं त्या टेबलावरच मिटतात, कारण आयुष्यात पहिल्यांदा सगळी भावंडं एका खोलीत बसून आईविषयी बोलतात. निर्वाहाची रक्कम दरमहा दहा हजारांच्या वर देता येत नाही, तेव्हा कुणी लुटला जाईल ही भीतीही नको.

भरतीओहोटी

सुरंगीताय, माका माझी आवस आठावली. आमच्या देवगडाक आशाताय येता, म्हातारीचा बीपी बघता, गोळयो दिता. सगळे इचारतत, म्हातारी बरी आसा मा? करणाऱ्या बायेची कंबर कशी आसा ता कोण इचारीत नाय. माझ्या बायलेन पाच-सा वर्सां आवशीक उचलल्यान आणि आता ती सोता पट्टो लावन फिरता.

(बाकीच्यांसाठी घाटी मराठीत लिहितो.) तुम्ही दोन माणसांसाठी आवाज शोधताय, पण तिसरं माणूस म्हणजे तुम्ही स्वतः. त्याचं काय?

काळा_कोट

भरतीओहोटी यांनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. मी कोकणातल्याच एका तालुका कोर्टात वकिली करते.

सुरंगी, तुम्हाला दावा लावायचा नसला तरी विधी सेवा प्राधिकरण तुमच्या कामाचं आहे. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्री आणि दिव्यांग व्यक्ती, दोघांनाही उत्पन्न न बघता मोफत विधी सहाय्य मिळतं. म्हणजे तुमच्या घरातले तिघंही पात्र. फक्त खटल्यासाठी नाही, सल्ला आणि अर्ज लिहिण्यासाठीसुद्धा. प्रत्येक तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते. तिच्याकडे विधी स्वयंसेवक असतात, ते वकील नसतात, आपल्यातलेच शिक्षक, अंगणवाडी सेविका, निवृत्त माणसं, थोडं प्रशिक्षण घेतलेली. सोबत येणं, अर्ज भरून देणं, कचेरीत विचारपूस करणं, हेच त्यांचं काम. तुम्ही वर्णन केलंत ते माणूस बहुतेक हेच. फोन १५१००. कोर्टाच्या आवारात जाऊन नुसतं "विधी सेवेचा माणूस कुठे बसतो" विचारा.

आता थोडं कडू. तुमच्यासाठी बोलणारा आणि सासूबाईंसाठी बोलणारा एकच असावा असं गृहीत धरू नका. आज तुमचं आणि त्यांचं हित एकाच वाटेवर आहे. उद्या तुम्ही म्हणालात "मला महिनाभर माहेरी जायचंय, यांना कुठेतरी ठेवा" आणि त्या म्हणाल्या "मी घर सोडणार नाही", तर? दोघीही बरोबर असाल. तेव्हा एकाच माणसाने दोघींची बाजू मांडली की ज्याचा आवाज मोठा त्याचीच मांडली जाते. घरात बहुतेक वेळा तो आवाज आजारी माणसाचा नसतो.

आणि यजमानांच्या वाट्याचं जे काम तुम्ही करताय ते कागदावर लिहून काढा. रोज किती वेळा उचलणं, रात्री किती वेळा उठणं. कुठल्याही बैठकीत हा कागद वकिलापेक्षा जास्त बोलतो.

लेस्टरवासी

मूळचा दापोलीचा, आता इंग्लंडात. इथे २०१४ चा केअर ॲक्ट आहे. ज्या माणसाला स्वतःची गरज समजावून सांगायला बराच त्रास होतो आणि सोबत योग्य असं घरचं कुणी नाही, त्याला स्थानिक कौन्सिलने स्वतंत्र प्रतिनिधी मिळवून द्यावा लागतो. स्वतंत्र म्हणजे कौन्सिलचा नोकर नाही आणि पगार घेऊन सांभाळणाराही नाही. सांभाळणाऱ्या नातेवाइकाच्या गरजांची वेगळी पाहणी मागण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी त्यालाही असा प्रतिनिधी मिळू शकतो. काळा_कोट म्हणतात ते दोन वेगळ्या आवाजांचं सूत्र इथे कायद्यातच बसवलंय. अर्थात कायदा आहे म्हणजे रांग नाही असं नाही.

खाडीपलीकडे

आमच्याकडे मोबाइलला रेंज नाही, तुम्ही कौन्सिल सांगताय. पण एक सांगतो, कामाचं. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावेच लागतात. ग्रामसभेत उभं राहून विचारायचं, गेल्या वर्षीचे कुठे गेले? आमच्या इथे एकाने विचारलं आणि तेव्हापासून ग्रामसेवक त्याला चहा पाजतो. पायऱ्यांच्या बाजूने उतरण बांधून मागा. पालखी यायच्या वाटेचं काम शिमग्याच्या आधी होतं, तर हेही होईल.

आणि उत्तर दिलं नाही तर माहितीचा अधिकार, १० रुपये, ३० दिवस.

सुरंगी

इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. नणंदांवर अर्ज मी करणार नाही, पण कायद्यात माझं नाव नाही हे वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही. त्या विधी स्वयंसेवकाला शोधते.

दिरांचं कुणीच बोललं नाही अजून.

निवृत्त_नायब

येतो त्यावर. सेरेब्रल पाल्सी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ मध्ये येतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चौघांपुरताच तो आहे. मूल १८ वर्षांचं झालं की आईबापही आपोआप पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडे आई, भाऊ, बहीण, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करते. पालक नेमला की त्याने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशोब. या न्यासाची निरामय आरोग्य विमा योजनाही आहे, लाखापर्यंत.

त्याहून तातडीचं. सासरे झेडपीत शिक्षक होते ना? महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे, दिव्यांगत्वामुळे स्वतः कमावू न शकणाऱ्या अपत्याला आईच्या मागे ते कुटुंब निवृत्तिवेतन तहहयात मिळू शकतं. सिव्हिल हॉस्पिटलचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागेल. सासूबाई हयात असताना, त्यांना समजतंय तोवर, झेडपीच्या शिक्षण विभागात दिरांचं नाव नोंदवायला अर्ज द्या. मागे करायला गेलात तर होत नाही असं नाही, पण वारस, दाखले, फेऱ्या, सगळं अंगावर येतं.

एकबोट_टंकन

मी हा धागा पहिल्यापासून वाचतोय. मला सेरेब्रल पाल्सी आहे. एका बोटाने टाइप करतो, म्हणून उशीर.

सुरंगीताई, तुमच्या दिरांना कळतं का?

सुरंगी

सगळं कळतं हो. बोलणं अस्पष्ट आहे, मला आणि सासूबाईंना समजतं, बाहेरच्यांना नाही. क्रिकेटचा प्रत्येक स्कोअर पाठ. पेपर वाचतात. बागेतल्या कुठल्या कलमाला मोहोर कधी आला हे तेच सांगतात.

एकबोट_टंकन

मग त्यांना पालक कशाला हवा?

राग नाही, विचारतोय. वर सगळ्यांनी त्यांच्याविषयी लिहिलं. त्यांना काय हवंय हे एकानेही लिहिलं नाही, आणि मला खात्री आहे की घरीही "हा कुठे राहील" ही चर्चा त्यांच्यासमोर, त्यांना न विचारता होते. माझ्या घरी व्हायची. मी खाटेवर, आणि आत्या-काका माझ्या डोक्यावरून.

स्थानिक स्तर समितीलाही आधी हे बघावं लागतं की पालकाची गरज आहे का, आणि असेल तर नेमकी कशासाठी. सेरेब्रल पाल्सी आहे म्हणून ठप्पा मारून पालक नेमायचा नसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १३ सांगतं की दिव्यांग माणसाला इतरांइतकाच कायदेशीर व्यवहार करता येतो. खातं त्याचं, सही किंवा अंगठा त्याचा. त्याच कलमात असंही आहे की मदत करणाऱ्याचे हितसंबंध एखाद्या पैशाच्या किंवा जमिनीच्या व्यवहारात आड येत असतील, तर त्या व्यवहारात त्याने मदतनीस राहायचं नाही. सामायिक घर आणि बाग असेल तर हे तुमच्या घरातल्या प्रत्येकाला लागू आहे, तुम्हालासुद्धा.

त्यांना पालकाची नाही, दुभाष्याची गरज असेल. रोज बोलणं ऐकून सवय झालेलं माणूस, जे त्यांचं वाक्य तसंच्या तसं पुढे सांगेल, आपलं मत न मिसळता. यासाठी तुमच्याशिवाय आणखी एकाला आत्तापासून तयार करा. शेजारचा मुलगा, वाचनालयातला कुणी. त्याला रोज अर्धा तास त्यांच्याशी स्कोअर बोलायला बसवा.

खाडीपलीकडे

+१. धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

काळा_कोट

मान्य. एकच भर: त्याच २०१६ च्या कायद्याच्या कलम ३८ खाली जास्त आधाराची गरज असलेली दिव्यांग व्यक्ती, किंवा तिच्या वतीने दुसरं कुणी, तो आधार मागणारा अर्ज करू शकते. कलम २४ मध्ये अशांसाठी काळजीवाहू भत्त्याचाही उल्लेख आहे. उल्लेख आणि हातात पैसे यात अंतर आहे, पण अर्ज पडले नाहीत तर ते अंतर कमी कसं होणार? केरळात आश्वासकिरणम् योजनेत पूर्णवेळ सांभाळणाऱ्याला महिना ६०० रुपये ठरवलेत. रक्कम हसण्यासारखी, पण तिथे निदान सांभाळणारं माणूस सरकारी यादीत आहे.

पासबुक

मी बँकेत होतो. निवृत्तिवेतनाचं सांगतो.

खातेदार म्हातारा किंवा आजारी असेल, सही जमत नसेल, पण समज शाबूत असेल, तर अंगठा चालतो. बँकेला माहीत असलेले दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. हे रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे, शाखेची मेहेरबानी नाही. सत्तरीच्या वरच्यांना घरपोच मूलभूत सेवा द्यावी असंही २०१७ पासून आहे. "आजींना घेऊन या" म्हणाले की तोंडी वाद घालू नका. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या, ३० दिवस थांबा, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. पुष्कळदा शिक्का मारतानाच मॅनेजर खुर्ची पुढे करतो.

हयातीच्या दाखल्यासाठी उचलून नेऊ नका. पोस्टमन घरी येऊन डिजिटल जीवन प्रमाण करतो, थोडं शुल्क असतं.

आणि कुणी मुखत्यारपत्र करा म्हणेल. विसर वाढत जाऊन समज गेली की ते आपोआप संपतं, लोकांना हे माहीतच नसतं. त्यानंतर राष्ट्रीय न्यासही नाही, कारण स्मृतिभ्रंश त्यात बसत नाही. मग पालक नेमून घ्यायला थेट उच्च न्यायालय. म्हणून जे करायचं ते आत्ता.

काळा_कोट

त्याला जोडून. उपचारांपुरतं, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. साधा कागद, सासूबाईंची सही किंवा अंगठा. स्मरणशक्तीचे गंभीर विकार त्या कायद्याच्या व्याख्येत येतात. उद्या रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात दाखवायची वेळ आली तर "तुम्ही कोण" या प्रश्नाला तो कागद उत्तर आहे. पण नाव कुणाचं घालायचं ते त्यांना ठरवू द्या, त्या शुद्धीत असतील अशा वेळी, तुम्ही खोलीत नसताना. तुमचंच घालतील. तरीही.

विरारलोकल

मला अजूनही प्रांत पटत नाहीत. पण गणपतीत सगळे घरी असता, आरत्या झाल्यावर पत्ते कुटण्याऐवजी अर्धा दिवस बसा. वर म्हणतात तो कागद मधे ठेवा. नणंदांनी वर्षातले कुठले आठवडे येऊन राहायचं ते कॅलेंडरवर तिथेच लिहून घ्या, रजा आत्ताच टाकायला लावा. आम्हा चाकरमान्यांना तारीख दिली की आम्ही येतो, "कधीतरी या" म्हटलं की येत नाही. आणि बाई ठेवायची तर तिचे पैसे तिघांत. यजमानांनी बोलायचं हे, वहिनींनी नाही.

पडवी

हे बरं बोललात.

भरतीओहोटी

ताय, एल्डरलाइन १४५६७ पण लिहून ठेवा, सकाळी आठ ते रात्री आठ. म्हाताऱ्या माणसांसाठी आहे, वाटल्यास सरकारी कचेरीतलं अडलेलं सांगता येतं. आणि तुमच्या जिवाक जड झाला काय १४४१६ टेलि-मानस, ता चोवीस तास. मराठीत बोलतत.

सुरंगी

थोडं पुढचं लिहिते. तालुका कोर्टात विधी स्वयंसेवक बाई भेटल्या, निवृत्त शिक्षिका, सासऱ्यांना ओळखणाऱ्या निघाल्या. बँकेचा अर्ज त्यांनी लिहून दिला. पोच मिळाली आहे, माणूस अजून घरी आलेला नाही. शिक्षण विभागाचा अर्ज तयार आहे, सिव्हिलची तारीख मिळायची आहे.

दिरांना विचारलं. ते म्हणाले पालक नको, मोबाइल हवा, मोठ्या अक्षरांचा. आणि आईनंतर याच घरात राहायचंय, बागेची राखण मीच करतो म्हणाले. पुण्याच्या नणंदेला फोनवर हे तसंच्या तसं सांगितलं, ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली गणपतीत बसूया.

एक विचारायचं राहिलं. सिव्हिलला दिरांना नेताना गाडीचं भाडं कुठून मिळतं का?

निवृत्त_नायब

ग्रामपंचायतीच्या त्या ५ टक्क्यांतून मागून बघा, ग्रामसभेच्या आधी लेखी द्या. आणि सिव्हिलला जाताना जुने सगळे कागद न्या, मूळ प्रती त्यांच्याकडे सोडू नका. दिरांचं दिव्यांगांसाठीचं वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) झालंय का? नसेल तर त्याच फेरीत त्याची नोंदणी करून घ्या.

सुरंगी

नाही झालंय. करते.